वार बघून निघा: मुंबईतली दालनं आणि नाट्यगृहं, या हिवाळ्यासाठी

जहांगीर कला दालनातलं प्रदर्शन मंगळवारी लागतं आणि पुढच्या सोमवारी उतरतं. मुंबईत चित्रं बघायची असतील तर आधी हे पाठ करा. प्रदर्शनाचं नाव, चित्रकाराचं नाव, पेपरातला फोटो हे सगळं नंतर. मंगळवारी दुपारी गेलात तर अर्धी चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली असतात, शिडीवर चढून कोणी दिव्यांची तोंडं फिरवत असतं, आणि लेबलं चिकटवायची राहिलेली असतात. सोमवारी संध्याकाळी गेलात तर बबलरॅपच्या गुंडाळ्या आधीच दाराशी येऊन पडलेल्या असतात. मधले पाच दिवस खरे. त्यातही बुधवार-गुरुवार, दुपारी दोन ते पाच. दालन सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडं असतं आणि प्रवेशाला तिकीट नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईतला चित्रांचा आणि प्रयोगांचा खरा हंगाम. हवा बरी असते, कागद दमट होऊन वाकत नाही, पाहुणे गावात असतात. पण या शहरात प्रत्येक दालनाची सुट्टी वेगळ्या वारी येते, आणि 'काय आहे' हे बघून निघालेला माणूस 'आज बंद आहे' हा बोर्ड वाचून परत येतो. म्हणून इथे जागांचा आढावा वाराच्या अंगाने घेतला आहे.

जहांगीर

ही इमारत १९५२ सालची. महात्मा गांधी मार्गावर दर्शनी भागाला पुढे झेपावलेलं काँक्रीटचं छत आहे, त्याखाली उभं राहूनच निम्मे लोक एकमेकांना भेटतात. आत मुख्य सभागृह-दालन, बाजूची वातानुकूलित दालनं, वर हिरजी जहांगीर दालन आणि गच्चीवरचं टेरेस दालन. तळमजला बघून बाहेर पडणारे खूप आहेत. वरचं दालन चुकवू नका. लहान आकाराची, जवळून बघायची कामं तिथे जास्त खुलतात.

दालन आठवड्याच्या भाड्याने मिळतं. अर्ज करून, निवड होऊन तारीख हातात यायला वर्षं लागतात. त्यामुळे एकाच आठवड्यात शेजारशेजारच्या दालनांत दर्जाचा मोठा फरक दिसतो. एका दालनात दहा वर्षांच्या कामातून निवडलेली पंधरा चित्रं ऐसपैस लावलेली असतात, तर शेजारी गट-प्रदर्शनात एकावर एक दोन ओळींत साठ चित्रं. हा दोष जागेचा नाही, भाडं वाटून घेणाऱ्या गटाच्या गणिताचा आहे. प्रत्येकाला निदान पाच चित्रं लावायची असतात आणि भिंत तेवढीच असते. अशा वेळी सगळं बघायचा हट्ट सोडा. दाराशी उभं राहून एक नजर फिरवा, जे चित्र लांबून ओढून घेतं तिथेच जा.

दिवे छताच्या पट्टीवरून येतात, त्यामुळे काच लावलेल्या चित्रांत समोरचा दिवा आणि तुमचा शर्ट दोन्ही दिसतात. जलरंग बघताना सरळ समोर न थांबता अर्धं पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकून, मान थोडी वाकवून बघा. चकाकी बाजूला सरकते आणि कागदाचा पोत उघडा पडतो. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, अर्धवट सुकत आलेला असताना त्यात जास्त ओला रंग सोडला की कडेला फुलकोबीसारखी पिसारलेली रेघ उमटते. सराईत हात ती रेघ ढगात किंवा झाडाच्या शेंड्यात वापरून घेतो. ती उगाच आभाळाच्या मध्यावर दिसली तर हात अजून बसलेला नाही, हे समजावं. आणि पांढरं कुठून आलं ते बघा, कागद मोकळा सोडून की वरून पांढरा रंग टेकवून. मोकळा सोडलेला कागद दिव्याखाली आतून उजळतो. वरून लावलेला पांढरा खडूसारखा मंद दिसतो. हा फरक छापील कॅटलॉगमध्ये कधीच दिसत नाही, त्यासाठी भिंतीसमोरच उभं राहावं लागतं.

जहांगीरची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे चित्रकार तिथेच बसलेला असतो. त्याला 'याचा अर्थ काय' असं विचारण्यापेक्षा 'हे कशावर केलंय, किती थर आहेत, आधी काय काढलंत' असं विचारा. बोलकं उत्तर मिळतं.

विकत घ्यायचं मनात असेल तर आणखी चार गोष्टी विचारा. एक, तैलरंग असेल तर चित्र कधी पूर्ण झालं. जाड थराचा तैलरंग वरून सुकलेला दिसला तरी आत महिनोन्महिने ओलसर राहतो, आणि शेवटचं वार्निश सहा महिने ते वर्षभरानेच लावायचं असतं. दोन, चित्र उलटं करून दाखवायला सांगा. कॅनव्हासची चौकट चारही कोपऱ्यांत घट्ट आहे का, कापड मागे नीट दुमडून ठोकलंय का, मागे सही, साल आणि शीर्षक आहे का, हे दिसतं. तीन, कागदावरचं काम असेल तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, आम्लमुक्त आहे का आणि काच थेट कागदाला टेकलेली तर नाही ना. मुंबईच्या दमट हवेत काचेला चिकटलेल्या कागदावर दुसऱ्या पावसाळ्यात तपकिरी डाग आणि बुरशी धरलीच म्हणून समजा. चार, सांगितलेल्या किमतीत फ्रेम, कर आणि घरपोच पाठवणं धरलंय की वेगळं. चित्राखाली लाल ठिपका असेल तर ते विकलं गेलंय, पण तसंच दुसरं काम घरी किंवा स्टुडिओत आहे का हे विचारायला हरकत नसते.

विकत घेतलेलं चित्र सहसा प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहतं, म्हणजे ताबा सोमवारी संध्याकाळी. तेव्हा चर्चगेटहून लोकलने न्यायचा विचारही करू नका. २४ बाय ३६ इंचांचं चित्र टॅक्सीच्या मागच्या सीटवर उभं बसतं. ४८ इंच असेल तर टेम्पो किंवा मोठी गाडी लागते, डिकीत ते जाणार नाही. कॅनव्हास गुंडाळून न्यायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, निदान सहा इंच व्यासाच्या नळीवर. आतल्या बाजूला रंग ठेवून गुंडाळला की थर दाबला जातो आणि उलगडताना तडे जातात. जाड थरांचं चित्र तर गुंडाळूच नये. ताज्या रंगावर बबलरॅप थेट टेकवला की त्याच्या बुडबुड्यांची नक्षी कायमची उमटते, म्हणून मध्ये बटरपेपर घालायला सांगा. घरी पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे चित्र लावू नका. लावावंच लागलं तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे अर्धा इंच हवा खेळती राहते.

बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात तेही दालनाइतकंच गांभीर्याने बघण्यासारखं आहे. कोळशाने समोरासमोर व्यक्तिचित्र काढणारा कलाकार बघायचा असेल तर त्याच्या मागे उभे राहा. डोळ्यांपासून सुरुवात करतो की डोक्याच्या घेरापासून, हे पाच मिनिटं बघितलं तरी रेखाटन म्हणजे काय ते कळतं.

आसपासची दालनं

रस्ता ओलांडला की सर कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला दालन आहे. इमारत १९११ची, दालन सुरू झालं १९९६ साली. सोमवारी बंद. तिकीट किरकोळ आहे आणि मिळतं ते भरपूर. इथली प्रदर्शनं आठवड्याची नसतात, कित्येक आठवडे चालतात, त्यामुळे घाई नाही. आतली रचना अर्धवर्तुळाकार मजल्यांची, वर वर चढत घुमटापर्यंत जाणारी. मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन असेल तर चित्रकाराची सुरुवातीची कामं खाली आणि शेवटची वर, अशी मांडणी बऱ्याचदा असते, आणि घुमटापर्यंत पोचेस्तोवर बघणारा थकलेला असतो. शेवटच्या कामांसाठी तीस मिनिटं राखून ठेवा. मजल्यांवर मागे सरकायला जागा कमी आहे, सहा फुटी कॅनव्हास तिथे गुदमरतो. मोठी चित्रं समोरच्या कठड्यावरून किंवा वरच्या मजल्यावरून खाली बघितली तर जास्त नीट दिसतात.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पलीकडेच आहे आणि ते सोमवारीही उघडं असतं, म्हणून सोमवारी अडकलेल्यांनी तिकडे वळावं. तिथे जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. आधुनिक भारतीय चित्रकला शांतपणे बघायची असेल तर या परिसरात यापेक्षा चांगली जागा नाही. शाळेच्या सहली तळमजल्यावर असतात, त्या इथवर क्वचितच चढतात.

फोर्ट आणि कुलाब्यातली खासगी दालनं जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत. लाकडी जिना, बंद दार, बेल. मराठी प्रेक्षक या बेलपाशी अडतो. 'आपण विकत घेणारे नाही, मग आत कसं जायचं' असं वाटून परत फिरतो. अजिबात फिरू नका. बेल वाजवा, आत जा, तिकीट नाही, कोणी किंमत गळ्यात मारत नाही. उलट मांडणी, प्रकाश आणि दोन चित्रांमधली मोकळी जागा या बाबतीत ही दालनं शहरात सर्वांत पुढे आहेत. यातल्याच चेमोल्ड या दालनाची सुरुवात १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर झाली होती, आता ते प्रेस्कॉट रोडवर आहे. अडचण एकच, यातली बहुतेक रविवारी बंद असतात. फक्त रविवारीच सुट्टी असलेल्यांनी जानेवारीतल्या मुंबई गॅलरी वीकेंडकडे लक्ष ठेवावं, तेव्हा बरीच दालनं रविवारीही उघडी ठेवतात.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. राणीच्या बागेलाही त्याच दिवशी सुट्टी. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे संग्रहालय स्वतःच एक बघण्याची वस्तू आहे, आणि जुन्या काचेच्या कपाटांमध्ये आजच्या कलाकारांची कामं ठेवण्याची त्यांची पद्धत फार विचारपूर्वक असते. ज्या पुतळ्यामुळे जहांगीरच्या परिसराला काळा घोडा हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवण्यात आला आणि आता याच आवारात आहे. काळा घोडा चौकात आज दिसतो तो २०१७ साली बसवलेला, स्वार नसलेला घोडा.

जे. जे. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन हिवाळ्यात लागतं तेव्हा जरूर जा. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनालाही जा. संस्था १८८८ची, आणि राज्यभरातून आलेलं काम तिथे एका छताखाली दिसतं. कोल्हापूर-सांगलीकडचा जलरंगातला हात आणि मुंबईतला हात शेजारी लावून बघायची ही चांगली संधी.

काळा घोडा महोत्सव

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस, प्रवेश मोफत, १९९९पासून. दोन्ही शनिवार-रविवार संध्याकाळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि मांडणशिल्पांसमोर (वस्तू मांडून केलेल्या कलाकृतींसमोर) सेल्फीची रांग लागते. मांडणशिल्पं बघायची असतील तर मधल्या वारी सकाळी जा. उन्हं तिरपी असतात, कामांवरचे मजकूर वाचता येतात, आणि करणारे विद्यार्थी तिथेच डागडुजी करत भेटतात. संध्याकाळच्या बंदिस्त सभागृहातल्या कार्यक्रमांना जागा मर्यादित असते आणि जो आधी येईल तो आत. तास-सव्वा तास आधी रांगेत राहा, नाहीतर तो कार्यक्रम सोडून डेव्हिड ससून वाचनालयाच्या बागेतल्या कार्यक्रमाला बसा. एका संध्याकाळी तीन ठिकाणी धावणाऱ्याला एकही धड मिळत नाही. गाडी घरीच ठेवा. मेट्रो तीनचं हुतात्मा चौक स्थानक इथून चालण्याच्या अंतरावर आहे.

संध्याकाळ: कुठे, कोणती खुर्ची

जहांगीर सातला बंद होतं, म्हणून त्याच दिवशी प्रयोग जोडायचा असेल तर नरिमन पॉइंटचं एनसीपीए, म्हणजे नाटक-संगीताचं राष्ट्रीय केंद्र, सगळ्यात सोयीचं. चर्चगेटहून शेअर टॅक्सी मिळते. एकाच आवारात पाच रंगमंच आहेत आणि तिकिटावर कोणता लिहिलाय ते न बघता लोक भलत्या दारात रांग लावतात. टाटा थिएटर १९८०चं, हजाराच्या वर खुर्च्या, पंख्यासारखी पसरलेली बैठक. गाण्याच्या मैफलीला ते उत्तम. तानपुऱ्याची जुळणी मागच्या रांगेतही ऐकू येते. नाटकाला मात्र अगदी कडेच्या खुर्च्या टाळा, रंगमंचाचा पलीकडचा कोपरा तिरका दिसतो. मराठी समांतर नाटकासाठी एक्सपेरिमेंटल थिएटर हीच जागा: तीनशेच्या आसपास प्रेक्षक, काळा चौकोन, आणि बैठक प्रत्येक प्रयोगाला बदलता येते. म्हणून तिकीट काढताना 'बैठक समोरून आहे की दोन्ही बाजूंनी' हे विचारून घ्या. जमशेद भाभा थिएटरमध्ये ऑपेरा आणि सिंफनी होते. तिथला भव्य जिना मलबार हिलच्या पेटिट हॉलमधून आणलेला आहे, मध्यंतरात तोही बघा.

जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८पासून आहे आणि दोनशेच्या आसपास खुर्च्या आहेत. रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला, तीन बाजूंनी माणसं. इथे खुर्चीला नंबर नाही. हातात तिकीट असलं तरी रांगेत कुठे उभे आहात यावर जागा ठरते, म्हणून अर्धा तास आधी पोचा आणि समोरच्या भागातली मधली रांग धरा. बाजूच्या भागात बसलात तर काही प्रसंगांत नटाची पाठ मिळते, पण त्याच्या श्वासाचा आवाजही मिळतो. पाठीतून अभिनय करणारा नट ओळखायचा असेल तर मुद्दाम तिथेच बसा. प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, कोणतीही सबब चालत नाही, आणि हे अगदी योग्य आहे. इतक्या छोट्या जागेत उशिरा आलेल्या एका माणसाच्या चपलेचा आवाज पहिल्या प्रवेशाची वाट लावतो. सोमवारी पृथ्वी बंद. काळा घोड्याहून संध्याकाळच्या गर्दीत तिथे वेळेत पोचणं कठीण आहे, दोन्ही एका दिवसात बसवू नका.

व्यावसायिक नाटकाचा दिवस शनिवार-रविवार. दादरचं शिवाजी मंदिर, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, गिरगावचं साहित्य संघ, ठाण्याचं गडकरी रंगायतन. रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणानंतर २०२५मध्ये पुन्हा सुरू झालं आहे आणि मेट्रोच्या सिद्धिविनायक स्थानकावरून चालत जाता येतं. सगळीकडे खुर्च्यांचं गणित जवळपास सारखंच आहे. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं आणि नटांचे पाय नेपथ्याआड जातात. पाचवी ते दहावी रांग उत्तम. बाल्कनी स्वस्त असते, पण पुढचा कठडा मध्ये येतो, म्हणून बाल्कनीत तिसऱ्या रांगेच्या पुढेमागे बसा. संगीत नाटक असेल तर ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन बाजूंना असतात. तबल्याच्या बाजूला पुढे बसलात तर गाणाऱ्याचे शब्द ठेक्याखाली बुडतात, म्हणून मध्यभागी आणि सहाव्या रांगेच्या मागे.

तिकीट ऑनलाइन मिळतंच, पण खिडकीवर प्लॅन समोर ठेवून खुर्ची निवडण्यात फायदा आहे. खांब कुठे आहे, एसीचा झोत कुठे येतो, वयस्कर माणसाला जिना चढावा लागेल का, हे खिडकीवरचा माणूस सांगतो. ॲप सांगत नाही. खिडकी दुपारी बंद असते. सकाळी किंवा संध्याकाळी जा. आणि आगाऊ तिकीट काढलं तरी प्रयोगाच्या दिवशी सकाळी जाहिरात पुन्हा बघा. नट आजारी पडला, चित्रीकरण लांबलं, तर प्रयोग ऐनवेळी रद्द होतो. रद्द झाल्यावर पैसे परत मिळतात, पण ऑनलाइनची हाताळणीची रक्कम बऱ्याचदा मिळत नाही.

रविवारचं सगळ्यात मोठं विघ्न मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलचे रूळ बंद ठेवणं. मध्य आणि हार्बरवर तो सहसा सकाळी उशिरापासून दुपारी चारच्या आसपासपर्यंत असतो, म्हणजे नेमका दुपारच्या प्रयोगाच्या वाटेवर. डोंबिवली-कल्याणहून दादरला येणाऱ्यांनी सकाळचा प्रयोग घ्यावा. ब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचता येतं, आणि सकाळच्या प्रयोगाला नटांचा आवाजही ताजा असतो. तीन प्रयोगांच्या रविवारी रात्रीच्या तिसऱ्या अंकात तो बसलेला स्पष्ट ऐकू येतो. रात्रीचाच घ्यायचा असेल तर मेट्रो तीनवर विसंबू नका, ती साडेदहाच्या सुमारास संपते आणि तीन अंकी नाटकाचा पडदा त्यानंतर पडतो. लोकल असते. दादरला पुलावरून उतरताना स्लो की फास्ट ते आधीच ठरवा, कारण रविवारी रात्री अकरानंतर दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं.